सध्या काय वाचता, या प्रश्नाचे पूर्ण उत्तर द्या

पत्र

मी २७ वर्षांची आहे, राजारामपुरीत राहते आणि एका पतसंस्थेत नोकरी करते. आमच्या ओळखीतल्या दहा-बारा जणांची महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी, कुणाच्या तरी घरी बैठक असते. चहापोहे झाले की प्रत्येकाने आपण सध्या काय वाचत आहोत ते पाच मिनिटांत सांगायचे, एवढाच तिथला नियम. बहुतेक मंडळी माझ्या वडिलांच्या वयाची आहेत : निवृत्त शिक्षक, एक वकीलकाका, बँकेतून निवृत्त झालेल्या एक मावशी. सध्या माझी दोन पुस्तके चालू आहेत. रात्री झोपण्यापूर्वी शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आणि केएमटीच्या बसने कामावर जाता-येता ‘व्हॅगाबाँड’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांची मालिका, जिच्या सोळाव्या खंडात मी आहे. बैठकीत मात्र मी फक्त कादंबरीविषयी बोलते, कारण एकदा मांगाचे नाव काढले तेव्हा एक सर म्हणाले, ‘अजून चित्रांची पुस्तकं वाचतीस व्हय?’ सगळे हसले, मीही हसले आणि विषय तिथेच संपला. उलट, ज्याने मला मांगाची गोडी लावली तो माझा मामेभाऊ म्हणतो, ‘ताई, तुझी ती जाडजूड कादंबरी आता कोण वाचतंय?’ मला दोन्ही सारख्याच आवडतात. मी बैठकीत मांगाविषयी बोलावे का? बोलायचे तर अर्ध्यावर असलेल्या मालिकेविषयी, पुढची गोष्ट न फोडता, काय सांगायचे? एकाच वेळी दोन पुस्तके चालू ठेवल्याने दोन्हींवर अन्याय होतो का? आणि कुणी वाचायला मागितलेच, तर हे महागाचे खंड उसने द्यावेत का?

एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर

प्रिय वाचक,

बोला. पुढच्याच बैठकीत बोला, आणि मांगापासून सुरुवात करा. तुमच्या बैठकीचा नियम ‘सध्या काय वाचत आहात’ असा आहे, ‘सध्या वाचत आहात त्यांपैकी आम्हाला मान्य होईल असे काय आहे’ असा नाही. तुम्ही गेले काही महिने या प्रश्नाचे अर्धेच उत्तर देत आला आहात, आणि त्यात तुमच्याइतकेच त्या मंडळींचेही नुकसान होत आहे, कारण त्या खोलीत दुसऱ्या कुणाच्याही हातात नसलेली गोष्ट तुमच्या पिशवीत आहे आणि ती चहापोहे संपेपर्यंत पिशवीतच राहते.

अशा बैठकीचे खरे मोल कशात असते, ते आधी लक्षात घ्या. वाचून संपलेल्या पुस्तकाविषयी बोलताना आपण नकळत परीक्षक होतो : पुस्तक चांगले की वाईट, लेखक थोर की सुमार, शेवट पटला की नाही. चालू असलेल्या पुस्तकाविषयी बोलताना मात्र आपण अजून वाचकच असतो. कर्णाविषयी आपले मत बनलेले नसते, एखाद्या पात्राचा राग आलेला असतो पण तो टिकेल याची खात्री नसते, एखादे वाक्य दोन दिवस डोक्यात घोळत असते आणि ते का घोळते ते कळलेले नसते. ही अवस्था पुस्तक मिटल्यावर परत मिळत नाही. म्हणून ‘अर्धवट वाचले आहे, काय बोलू’ ही तुमची अडचण खरे तर अडचणच नाही. तुमच्या बैठकीत तेवढेच अपेक्षित आहे.

शिवाय ‘आधी पूर्ण वाचा, मग बोला’ हा नियम ‘व्हॅगाबाँड’ला लावायचा म्हटले, तर जगात कुणालाच तिच्याविषयी बोलता येणार नाही. ताकेहिको इनोउए यांनी ही मालिका १९९८ साली सुरू केली. तिचे ३७ खंड निघाले आणि २०१५ पासून ती थांबलेली आहे. तिचे सगळे वाचक मध्येच उभे आहेत. यात आपल्याला परके वाटावे असेही काही नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून आपल्या कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने छापल्या, तेव्हा मराठी वाचक पुढचा अंक हाती येण्याआधी मागच्या अंकावर बोलतच होते. मराठी कादंबरी अशीच क्रमशः वाढली आहे आणि मांगाही तशीच वाढते : आधी साप्ताहिकात किंवा मासिकात प्रकरणे, मग साधारण दोनशे पानांचा एक खंड.

आता सरांकडे वळते. त्यांचे वाक्य तुम्हाला लागले आहे, हे पत्रावरून कळते. परंतु त्यात तुमच्याविषयी अनादर होता असे मला वाटत नाही. त्यांच्या पिढीत चित्रांची गोष्ट म्हणजे ‘चांदोबा’, आणि शहाण्या मुलाने एका वयानंतर चित्रे सोडून अक्षरांकडे यायचे, हा क्रम घरोघरी गृहीत होता. प्रौढांसाठी वेगळी, किशोरवयीन मुलांसाठी वेगळी, मुलींसाठी वेगळी, बायकांसाठी वेगळी अशी मांगाची नियतकालिके जपानमध्ये असतात, हे त्यांना कुणी सांगितलेले नसावे. तुमची मालिकाच ‘मॉर्निंग’ या प्रौढांच्या साप्ताहिकातून छापली जात होती. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा सहा वर्षांचे असलेल्या आणि त्यात वडील, बहीण व भाऊ गमावलेल्या केइजी नाकाझावा यांनी तो अनुभव १९७३ पासून मांगातूनच जगापुढे ठेवला. ओसामू तेझुका यांनी १९७२ ते १९८३ या काळात गौतम बुद्धाचे चरित्र मांगात रेखाटले. हे तुम्हाला ठाऊक असावे म्हणून सांगितले. बैठकीत मात्र यातले काहीही म्हणू नका. पुरस्कारांची, खपाची किंवा थोरांच्या नावांची यादी वाचून दाखवली की आपण बचाव करत आहोत असे ऐकणाऱ्याला वाटते, आणि ज्याचा बचाव करावा लागतो त्यात काहीतरी खोट असणार असा समज त्याच्या मनात पक्का होतो. तिथे पुस्तक उघडा.

ते उघडायला तुमच्या शहरासारखे दुसरे शहर नाही, हेही सांगून ठेवते. कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्यासारख्या चित्रकारांमुळे. बाबूराव पेंटरांनी १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आणला. पात्रांची वेशभूषा, त्यांच्या हालचाली हे सारे आधी कागदावर रेखाटून घेण्याची त्यांची रीत होती. रेषेतून गोष्ट पुढे नेणे म्हणजे काय, हे या गावातल्या जुन्या माणसाला शिकवावे लागत नाही. त्याच्यासमोर चांगले पान धरले की पुरते.

आणि तुमच्या हातात तर सरांच्या आवडीचाच विषय आहे. ‘व्हॅगाबाँड’चे मूळ एका ऐतिहासिक कादंबरीत आहे. एइजी योशिकावा यांची ‘मुसाशी’ ही कादंबरी १९३५ ते १९३९ या काळात ‘असाही शिंबुन’ या दैनिकातून क्रमशः छापली गेली. तिचा नायक मियामोतो मुसाशी हा खरा होऊन गेलेला तलवारबहाद्दर. तो १६४५ साली वारला. त्या वर्षी शिवाजी महाराज पंधरा वर्षांचे होते. ज्यांनी आयुष्यभर ऐतिहासिक कादंबऱ्या वाचल्या आणि कादंबरीकाराने इतिहासाशी किती मोकळीक घ्यावी यावर वाद घातले, त्या माणसांना या एवढ्या माहितीने सावरून बसायला लावता येते. तोच वाद इथेही आहे, फक्त माणसे जपानी आहेत. इतिहासातला मुसाशी, कादंबरीतला मुसाशी आणि चित्रातला मुसाशी अशी तीन माणसे आहेत, आणि प्रत्येक वेळी सांगणाऱ्याने काय बदलले हे पाहण्यात मोठी गंमत आहे.

ज्यांना ही मालिका पुढे वाचायची आहे, त्या इतर वाचकांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.

तुम्ही सोळाव्या खंडात आहात, म्हणजे सासाकी कोजिरोच्या भागात आहात. मुसाशीला सोडून गोष्ट अचानक त्याच्या भावी प्रतिस्पर्ध्याकडे वळते आणि अनेक खंड तिथेच राहते. योशिकावांच्या कादंबरीतला कोजिरो देखणा, भपकेबाज आणि बोलण्यात तरबेज आहे. इनोउए यांनी त्याला जन्मापासून बहिरा केले. या एका निर्णयाने चित्रकाराने स्वतःवर केवढी जबाबदारी घेतली, ते पाहा. ज्या पात्राला ऐकू येत नाही आणि जे बोलत नाही, त्याचे मन आता संवादातून सांगता येणार नाही. ते मान वळवण्यातून, बोटांतून, कुणाच्या तरी ओठांकडे लागलेल्या नजरेतून सांगावे लागेल. म्हणून त्या भागात पानेच्या पाने संवादाविना जातात, त्याला वाढवणाऱ्या म्हाताऱ्या जिसाईची हाक चौकटीत असते आणि मुलगा पाठमोरा असतो, आणि वाचकालाही कोजिरोसारखेच नुसते पाहत राहावे लागते. ही गोष्ट शब्दांच्या कादंबरीत अशी करता आली नसती. मांगाविषयी मला सर्वांत जास्त आदर जिथे वाटतो, ती जागा हीच.

आता तुमच्या उशाशी असलेले दुसरे पुस्तक घ्या. आजऱ्याचे शिवाजी सावंत, ज्यांनी कोल्हापुरात शिक्षकाची नोकरी केली, त्यांनी १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाची कथा एकट्या कर्णाच्या तोंडी ठेवली नाही. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण असे सहा जण ती सांगतात. दुर्योधन बोलू लागला की कालपर्यंत ज्याला आपण खलनायक समजत होतो, त्याच्या डोळ्यांनी आपल्याला पाहावे लागते, आणि श्रीकृष्ण बोलतो तेव्हा तर कर्ण ज्यांच्याविरुद्ध लढला त्यांच्याच बाजूने पाहावे लागते. म्हणजे तुमची दोन्ही पुस्तके सध्या एकच काम करत आहेत : एक शब्दांनी आणि दुसरे रेषेने तुम्हाला समोरच्या बाजूला नेऊन बसवते आहे. हे साम्य तुम्हाला दिसले असेल वा नसेल, ते दिसण्याची संधी मात्र दोन्ही एकाच वेळी चालू असल्यामुळे मिळाली आहे. दोन पुस्तके एकदम वाचल्याने अन्याय होतो का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला इथेच सापडते. होत नाही. तुम्ही तर दोहोंच्या वेळा आणि जागाही वेगळ्या ठेवल्या आहेत, हे उत्तम आहे. एकच पथ्य पाळा : ‘मृत्युंजय’ बाजूला ठेवायचीच असेल, तर चालू निवेदकाचे कथन संपवून ठेवा, मध्येच सोडू नका, नाहीतर दोन दिवसांनी परत आल्यावर कोण बोलत आहे हेच सापडत नाही आणि त्या आवाजाची लय तुटते. मांगाचे पथ्य उलटे आहे. केएमटीत खंड भरभर संपतो, कारण आपण फुग्यांतली अक्षरे वाचत सुटतो. घरी आल्यावर त्यातले एखादे प्रकरण अक्षरे न वाचता, फक्त चित्रे पाहत पुन्हा चाळा.

प्रत्यक्ष बैठकीत काय करायचे, ते आता सांगते. पाच मिनिटे आहेत, त्यांपैकी एक मिनिट ओळखीला पुरे. कोण, कुठे, केव्हा आणि मी कुठवर आले आहे, एवढे सांगा. मी तुमच्या जागी असते तर साधारण असे बोलले असते :

‘सध्या माझी दोन पुस्तके चालू आहेत. त्यातले एक आज घेऊन आले आहे. ही जपानी चित्रकादंबरी आहे. १६०० सालच्या सेकिगाहाराच्या लढाईनंतर रणांगणावर प्रेतांच्या गर्दीत, चिखलात, सतरा वर्षांची दोन पोरं जिवंत सापडतात, तिथून ती सुरू होते. हरलेल्या बाजूने लढलेली, नाव मिळवायला घरातून निघालेली पोरं. त्यातल्या एकाचं पुढे काय होतं, ती ही गोष्ट. मी सोळाव्या खंडात आहे, आणि नायकच दोन-तीन खंडांपासून गायब झाला आहे. मला आधी राग आला. आता वाटतं की तो नसण्यातच काहीतरी आहे. का, ते अजून मला नीट सांगता येत नाही. सर, हे एक पान तुम्ही बघा.’

एवढेच. शेवटी ‘नीट सांगता येत नाही’ असे प्रांजळपणे म्हणण्याने ऐकणाऱ्याला बोलायला जागा मिळते. जो वक्ता सगळे कळले असल्यासारखा बोलतो, त्याला टाळ्या मिळतात पण प्रश्न मिळत नाहीत.

पान आदल्या दिवशी निवडून ठेवा आणि त्यात खूण घाला. या मालिकेत रक्तपात आहे आणि नग्न चित्रेही आहेत, त्यामुळे ऐनवेळी कुठलेही पान उघडणे बरे दिसणार नाही. कुणाचे लहान मूल तिथे खेळत असेल तर विशेषच. निवड करताना शक्यतो समोरासमोरची दोन पूर्ण पाने व्यापणारे, संवाद नसलेले चित्र घ्या. ते मोबाइलवर दाखवू नका. मोबाइलच्या पडद्यावर चौकटी एकेक दिसतात, आणि मांगाचा चित्रकार तर अख्ख्या पानाची मांडणी करत असतो. कुठली चौकट लहान, कुठली उभी, कुठे कोरी जागा सोडायची, हे सगळे एका दृष्टिक्षेपात दिसायला हवे. मोबाइल हातोहात फिरताना मध्येच कुणाचा फोन येतो, ते वेगळेच. छापील खंड द्या, आणि देताना सांगा की पुस्तक आपल्या दृष्टीने मागून उघडायचे, वरच्या उजव्या चौकटीपासून डावीकडे वाचायचे. पहिल्या दोन पानांवर बोट फिरवून दाखवा. या सवयीला फार वेळ लागत नाही, पण कुणी न सांगितल्यामुळे अनेक जण पहिल्या पानावरच पुस्तक मिटतात.

पुढची गोष्ट न फोडण्याविषयी तुम्ही विचारले आहे. दोन्ही पुस्तकांत ‘फोडणे’ म्हणजे काय, ते वेगळे आहे. कर्णाचा शेवट महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो, त्यामुळे ‘मृत्युंजय’मध्ये काय घडते हे सांगितल्याने काही बिघडत नाही. ते कुणाच्या तोंडून आणि कुठल्या क्रमाने कळते, ते मात्र सांगू नका, कारण सावंतांचे कसब त्यात आहे. मांगात याच्या उलट. तिथे चित्रकार धक्का नेमका पान उलटल्यावर ठेवतो. डाव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत कुणीतरी दचकून पाहते, आणि काय पाहिले ते उलटल्यावरच दिसते. म्हणून दाखवलेले पान दाखवा आणि पुढे उलटू नका, कुणी आग्रह केला तरी. एखादे पात्र मरते, कुणी फितूर निघते किंवा एखादे द्वंद्व कोण जिंकतो, या तीन गोष्टी कधीही सांगू नयेत. बाकी वातावरण, माणसांचे स्वभाव, तुम्हाला पडलेले प्रश्न, लेखकाच्या आयुष्यातली माहिती, हे सगळे मोकळेपणाने सांगा. तुमच्या मालिकेत पुढे एक भाग येतो, जो शेतकरी घरातून आलेल्या कोल्हापूरकराला फार जवळचा वाटेल. तो तुम्ही अजून वाचलेला नाही, म्हणून मी इथे त्यापुढे एक अक्षरही लिहीत नाही.

सर पुन्हा हसले तर? या वेळी त्यांच्याबरोबर हसू नका. आपल्या आवडीवर आपणच हसलो की समोरच्याला वाटते, हिलाही ते फारसे महत्त्वाचे वाटत नाही. रागावूही नका. ‘सर, दोन मिनिटं हे पान बघा, मग सांगा,’ एवढे आदराने म्हणा आणि पुस्तक त्यांच्या हातात द्या. नंतर त्यांना बोलू द्या. ते ऐतिहासिक कादंबऱ्यांचे वाचक असतील तर त्यांना विचारा की खऱ्या माणसाला कादंबरीकाराने इतके बदलावे का, आणि त्यांचे उत्तर मनापासून ऐका, कारण त्यांच्या अनेक वर्षांच्या वाचनातून आलेले ते उत्तर तुम्हाला इनोउएंकडे पाहायला उपयोगी पडणार आहे. पान पाहूनही त्यांना आवडले नाही, तर तो त्यांचा हक्क आहे. त्यामुळे तुमची पाच मिनिटे कमी होत नाहीत, आणि पुढच्या महिन्यात सतरावा किंवा विसावा खंड घेऊन तुम्ही पुन्हा बोलू शकता.

मामेभावाचे दुखणे सरांसारखेच आहे, फक्त टोक दुसरे. त्याला ‘वाचायला हवे’ असे सांगू नका. त्याने तुम्हाला मांगा दिली, ती काय सांगून दिली ते आठवा, आणि त्याच रीतीने त्याला ‘मृत्युंजय’ द्या. अख्खी नको. दुर्योधनाचे कथन काढून द्या आणि ‘ही पहिली तीस पानं वाच, खलनायक बोलतोय’ एवढेच म्हणा. ज्या मुलाला प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने सांगितलेली गोष्ट आवडते, त्याला हे आवडण्याची शक्यता बरीच आहे. जमले तर एखाद्या रविवारी त्यालाही बैठकीला न्या. तुमच्या बैठकीला वीस-बावीस वर्षांचा एक माणूस हवाच आहे.

पैशांविषयी एक बाब मला आवर्जून लिहावीशी वाटते. मांगाचे खंड महाग पडतात म्हणून अनेक तरुण वाचक कुणीतरी परस्पर स्कॅन करून टाकलेली पाने फुकट वाचतात. चित्रकार आणि त्याचे सहायक रात्री जागवून जी पाने काढतात, त्यांचा मोबदला त्यांना मिळायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. शुएशा या जपानी प्रकाशन संस्थेने २०१९ मध्ये ‘मांगा प्लस’ सुरू केले, आणि तिथे त्यांच्या अनेक चालू मालिकांची पहिली तीन व ताजी तीन प्रकरणे इंग्रजीत अधिकृतपणे विनामूल्य वाचता येतात. ‘व्हॅगाबाँड’ दुसऱ्या प्रकाशकाची असल्यामुळे तिथे मिळणार नाही, पण नवी मालिका विकत घेण्याआधी चाखून पाहायला ती सोय चांगली आहे. तुमच्या मालिकेची तीन-तीन खंड एकत्र बांधलेली मोठी इंग्रजी आवृत्तीही निघालेली आहे. सुटे खंड घेण्याआधी दोन्हींच्या किमतींची तुलना करा. आणखी एक करता येईल. कोल्हापुरात १८५० सालापासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर आहे. तुम्ही, मामेभाऊ आणि बैठकीतली दोन-तीन मंडळी मिळून तिथे किंवा तुम्ही सभासद असाल त्या ग्रंथालयात मांगाची लेखी मागणी द्या. शीर्षक, लेखक, प्रकाशक आणि पहिले किती खंड हवेत, हे स्पष्ट लिहा. ‘मांगा ठेवा’ अशा मोघम मागणीवर ग्रंथपालाला काहीच करता येत नाही. तुमच्या अर्जावर त्या सरांचीही सही असली, तर मला विशेष आनंद होईल.

राहिला प्रश्न उसने देण्याचा. द्या, पण सोळावा देऊ नका. कुणी मागितले तर पहिला आणि दुसरा असे दोनच खंड एकत्र द्या. पहिल्या खंडात माणसांची ओळख होईपर्यंत पाने संपतात आणि वाचक तिथेच थांबतो, तर दुसरा जवळ असला की तो पुढे जातो. आतल्या पानावर पेन्सिलने आपले नाव लिहा, देताना तारीख आणि घेणाऱ्याचे नाव वहीत टिपून ठेवा, आणि परत देण्याची मुदत म्हणून पुढच्या बैठकीचा रविवार सांगा. पाठीचा कणा मोडेल इतके पुस्तक उघडू नये, एवढी विनंती मोकळेपणाने करा. कुणाला त्यात वावगे वाटणार नाही. मावशींनी मागितले तर त्यांना आधीच सांगा की सुरुवातीची काही पाने रणांगणावरची आहेत आणि त्यात रक्त आहे. आणि खंड परत आला की तो लगेच पिशवीत टाकू नका, त्यांनी कुठवर वाचले ते आधी विचारा.